तीन इंची पाइपच्या पोटात

माझ्या नवऱ्याला गावभर डबलकाका म्हणतात. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "डबल करून टाकू." आवाज वाढवायचाय, डबल. पाइप रुंद करायचाय, डबल. ह्यांना ते नाव इतकं आवडलं की सायलेन्सरच्या दुकानाच्या पाटीवरही त्यांनी तेच रंगवून घेतलं. चारचौघांत मी त्यांना "अहो" म्हणते. मनात मात्र डबलकाकाच म्हणते, आणि त्यात कौतुक नसतं.

ह्यांच्या कपड्यांचं पाणी काळंकुट्ट निघतं, नखांतली काजळी लग्नापासून तिथेच आहे. त्याचं मला काही वाटत नाही. माझं माहेर कोळशाच्या वखारीचं, काळ्या हातांत मी वाढले. मला शिसारी बसली ती दुसऱ्याच गोष्टीची.

आधी एक सांगते, म्हणजे मी नुसतीच नावं ठेवते असं वाटायला नको. माणूस कामाला पक्का आहे. सरळ पाइप वाकवायचा म्हणजे आतल्या बाजूला तो चेपतो, सुरकुततो. हे पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद करतात, मग तापवून हळूहळू वळवतात. वाळू आतून आधार देते, त्यामुळे वळणावरही पाइपची गोलाई जशीच्या तशी राहते. गाडीच्या मागच्या चाकांच्या दांड्याला वळसा घालून जाणारा बाक ह्यांच्यासारखा दुसरं कोणी काढत नाही. हात सोन्याचे आहेत. ते ज्या माणसाला चिकटलेत त्याच्याबद्दल माझी तक्रार आहे.

साध्या गाड्या होत्या तोवर सगळं ठीक होतं. साध्या इंजिनाला फार रुंद पाइप लावला तर गाडी उगाच भुंकते आणि सावकाश चालवताना तिची ओढ कमी होते. म्हणून हे पाइप आटोपशीर ठेवायचे. "इंजिनाला ढकलायला समोर काहीतरी लागतं," हा ह्यांचा मंत्र. मग टर्बोच्या गाड्या आल्या. टर्बो म्हणजे एक चाक. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर ते चाक फिरवतो, आणि त्याच दांड्यावर बसवलेलं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. अशा गाडीत चाकाच्या अलीकडची नळी अरुंद हवी, म्हणजे धूर जोरात येऊन आदळतो. चाकाच्या पलीकडचा पाइप मात्र मोकळा हवा. तिथे वाट अडवली की धूर तुंबतो, उष्णता तुंबते आणि चाक भाजून निघतं. हे मला माहीत आहे कारण आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नसतो. ह्यांना ते कधी पटलं नाही. त्यांच्या मते तो सगळा नव्या पोरांचा चावटपणा.

त्या नव्या पोरांबद्दल काय बोलायचं. गाडी घेऊन येतात, दार उघडं टाकतात, गाणी चालूच, आणि आधी मागे जाऊन पाइपच्या तोंडात मूठ घालून बघतात. मूठ गेली नाही की तोंड पाडतात. "काका, त्या सोनेरी गाडीवाल्याची मूठ जाते हो." इंजिन केवढं, गाडी कुठे चालवता, चढावर का सपाटीवर, याची कोणाला पडलेली नसते. शेजाऱ्याच्या मुठीपेक्षा अर्धा इंच जास्त हवा, बस. नाक्यावर थांबून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि तान्ह्या लेकरांना झोपेतून उठवायचं, यासाठी एवढी धडपड. मला त्या मुठीच बघवत नाहीत.

आणि ह्यांनी त्या मुठी ओळखल्या. पोरगा फक्त तोंड बघतो, गाडीखाली कोणी निजत नाही, हे एकदा लक्षात आल्यावर ह्यांनी नवीच युक्ती काढली. मागे हातभर लांबीचा रुंद, चकचकीत पाइप, आणि गाडीखाली आपला जुनाच बारीक. मूठ जाते, आवाज घुमतो, पोरगा खूश. सगळं तीन इंची म्हणून सांगायचं, आणि तीन इंच फक्त तोंडाला.

मी ह्यांना तोंडावर विचारलं होतं. दुकानाच्या मागेच आमच्या दोन खोल्या, मधल्या दारात उभी राहून मी म्हटलं, "अहो, त्याला तीन इंच म्हणालात आणि आत दोनच ठेवलात. ही शुद्ध टोपी घालणं झालं."

"त्याला आवाज हवा होता, आवाज दिला."

"तुम्ही त्याला पाइप विकलात."

"त्याच्या इंजिनाला दोनच पुरे. मी त्याचं भलंच केलं. उलट माझे आभार मानायला हवेत." एवढं म्हणून हे हसले.

ह्या हसण्याचा मला तिटकारा आहे. फसवलं तर फसवलं, ते बाजारात सगळेच करतात, पण वर उपकार केल्याचा आव आणायचा, हे ह्यांचं खास. तेव्हापासून कोणी "तुमच्या भल्यासाठी" म्हणालं की मला आधी त्याचाच संशय येतो.

आमची लेक एकुलती एक. शाळेतून आली की दप्तर फेकून दुकानात. वेल्डिंग तिने ह्यांच्याकडूनच उचललं, आणि टाका ह्यांच्यापेक्षा बारीक घालायला लागली. पाइप पान्याने ठोकून आतलं ओळखायचं, हेही ह्यांनीच शिकवलं. निरोगी पाइप खणखणतो, गंजलेला खरखरतो, आतून ठिगळ असेल तर ठप्प वाजतो. डोळे मिटून ती सांगायची आणि हे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "माझी पोरगी आहे." त्या वेळी मला हे आवडायचे, खोटं कशाला सांगू.

मोठी झाली तशी ती ह्यांच्याशी भांडायला लागली. टर्बोच्या गाड्यांवर सगळं वाचायची, ऐकायची, मोजायची. गिऱ्हाईक आलं की विचारायची, गाडी कशासाठी हवी. शहरातल्या रस्त्यावर चालवायची असेल तर अडीच इंच पुष्कळ, म्हणायची. इंजिनाचा जोर वाढवून घेतला असेल तरच तीन. आणि जेवढे इंच सांगू तेवढे टर्बोपासून शेवटपर्यंत. मुठीवाल्यांना तिची भाषा कळायची नाही, ते ह्यांच्याकडे वळायचे. हे डोळा मिचकावून म्हणायचे, "डबल करून टाकू." लेकीच्या देखत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी बाप-लेकीचा एक करार झाला. तिने भंगारातून एक जुनी टर्बो गाडी उचलली होती, दारं चेपलेली, रंग उडालेला. इंजिन तिने स्वतः खोलून बांधलं. डोंगरावरच्या रस्त्यावर दरवर्षी एक शर्यत होते, रस्ता बंद करून एकेक गाडी वर सोडतात. तिला त्यात उतरायचं होतं. हे म्हणाले, "तुझं पुस्तकी गणित त्या चढावर दाखव. गाडी धड वर गेली, तर टर्बोचं सगळं काम तुझ्या हातात. मी मध्ये पडणार नाही, मुठीवाल्यांनाही तूच तोंड दे." तिने लगेच हात पुढे केला. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे. ती गाडी वर गेली की दुकानातली ही घाण जाणार होती. माझाही त्या गाडीत जीव अडकला.

तिने तीन इंच ठरवला, टर्बोच्या मागून थेट शेवटपर्यंत. जोर वाढवलेला होता, तेव्हा बरोबरच होतं. एवढं सगळं स्वतः केलं, पण मागच्या दांड्यावरचा तो बाक मात्र तिच्या हातात अजून बसला नव्हता. हेच म्हणाले, "मागचा पाइप मी करतो. तुझ्या गाडीचा पाइप दुसऱ्या कोणी करायचा म्हणजे मला जीव द्यावा लागेल." लेकीचे डोळे भरून आले. ह्यांनी पत्र्याचा पडदा ओढून घेतला आणि पाइप करायला बसले. दुसऱ्या दिवशी तो गाडीखाली चढवला. दोन्ही बाजूंनी बघितलं तर देखणा, तीन इंची, कुठे सुरकुती नाही.

गाडी चालली, पण नीट चालेना. खालच्या गतीला ठीक, जरा दाबली की गुदमरायची आणि तापायची. लेकीने आधी प्लग बदलले. मग पेट्रोलचा पंप काढला, साफ केला, पुन्हा बसवला. हवेच्या नळ्या एकेक करून फुंकून बघितल्या. जेवण सुचेना तिला. ताटावर बसल्या बसल्या बोटाने इंजिनाच्या आकृत्या काढायची. "माझंच गणित चुकलं असणार, आई," म्हणाली एकदा.

आणि हे तिच्या शेजारी उभे राहून पाने देत होते. "प्लग बघ," म्हणाले. "पंपाचा दाब मोजलास का?" म्हणाले. कपाळाला आठ्या घालून इंजिनात डोकावत होते. मी दोघांना चहा नेऊन दिला, आणि बाप कसा पोरीसाठी राबतोय म्हणून मला बरं वाटलं, हे आठवलं की आज मला तो चहासुद्धा नकोसा वाटतो.

शर्यत जवळ आली तशी ती म्हणाली, "आई, सकाळी चढावर चाचणी घेते. शेजारी बस, उष्णतेचा काटा वाचून दाखव. मला रस्त्यावरून नजर काढता येणार नाही." मी बसले. सीटला गादी नव्हती, पट्टे आवळलेले, पायाखाली नुसता पत्रा. रस्ता मोकळा होता. पहिली वळणं गाडीने झोकात घेतली, मी काटा वाचत होते. मग तिने पाय दाबला. काटा माझ्या तोंडातून आकडा निघण्याआधीच पुढे जायला लागला. पायाखालचा पत्रा चपलेतून भाजायला लागला. तेल जळल्याचा वास आला आणि बॉनेटच्या फटींतून निळसर धूर. मी "थांब" म्हणायच्या आत तिने गाडी कडेला घेतली, माझा पट्टा सोडवला, मला ओढून बाहेर काढलं, आणि आग विझवायची नळकांडी घेऊन बॉनेट उघडलं. आतला टर्बो लालभडक झाला होता. त्याच्या खाली तेल ठिबकत होतं आणि जिथे थेंब पडे तिथे जाळ उठत होता.

तिने विझवलं. गाडी निवेपर्यंत आम्ही दोघी कठड्याला टेकून बसलो. मग ती पाना घेऊन गाडीखाली सरकली आणि मागचा पाइप ठोकायला लागली. खण्ण. खण्ण. मग बाकाच्या अलीकडे ठप्प. तिने परत ठोकलं. ठप्प.

बराच वेळ ती गाडीखालीच पडून राहिली. मला फक्त तिचे पाय दिसत होते.

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं."

ओढगाडी बोलावून गाडी घरी आणली. हे दुकानात एका मुठीवाल्याला नवा पाइप दाखवत होते. आम्हाला बघून बोलायचे थांबले. लेकीने कोणाकडे पाहिलं नाही. पाइप उतरवला, शिकंज्यात धरला आणि ग्राइंडरने उभा चिरला. तीन इंची पाइपच्या पोटात, बाकाच्या आधी, वीतभर लांब दोन इंची नळी बसवलेली होती. कडांना टाके घालून, घासून गुळगुळीत केलेली. काय काम होतं. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

मुठीवाल्याने त्या चिरलेल्या पाइपकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. तो बाहेर गेला आणि आपल्या गाडीखाली आडवा झाला, चांगल्या कपड्यांनिशी.

हे पुसायच्या फडक्याला हात पुसत राहिले. "मला भीती वाटत होती," म्हणाले. "ती इतकी जोरात वर जाणार, त्या कठड्याच्या कडेने. म्हटलं जरा दम कमी केलेला बरा. गाडी थोडी मंद धावेल, पोर घरी येईल. मी हे तुझ्या भल्यासाठी केलं."

"मग सांगायचं होतंत," लेक म्हणाली.

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं. पण मला कळलं तरी असतं की तुम्हाला भीती वाटते."

ती चिरलेला पाइप हातात घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही मला बाहेरून तीन इंच दाखवलंत. मला. आणि मी प्लग बदलत होते तेव्हा पाना माझ्या हातात देत होतात."

मला ह्यांच्या भीतीवर शंका नाही. मी ह्यांच्याबरोबर संसार केलाय, पोरीला ताप आला की हे कसे भिंतीला धरून उभे राहतात हे मी बघितलंय. भीती खरी होती, आणि म्हणूनच मला जास्त किळस आली. खऱ्या मायेचंसुद्धा ह्यांना सरळ काही करता येईना. पोरीला "जाऊ नकोस, मला झोप लागत नाही" एवढं सांगायचं होतं. ते सोडून हा माणूस पडद्याआड बसून, जन्मभराचं कसब पणाला लावून तिला टोपी घालत होता. आणि तिला मंद करायला जी नळी घातली, तिनेच तिला जाळायला घेतलं होतं. हे मी ह्यांना त्याच दारात उभं राहून ऐकवलं, याच शब्दांत.

टर्बो गेला होता, शर्यत तिच्याविना झाली. मला वाटलं ती घर सोडून जाईल. पलीकडच्या रस्त्यावरचा गॅरेजवाला तिला कधीपासून बोलावत होता. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून तिने ह्यांना एवढंच सांगितलं, "टर्बोचं काम आता मी बघणार." हे "बरं" म्हणाले. ह्यांच्या तोंडून पुन्हा डबल हा शब्द मी ऐकला नाही.

आता दुकान नीट चालतं. लेक गिऱ्हाइकाला गाडीखाली निजवते, टॉर्च हातात देते आणि पाइप कुठून कुठे किती रुंद आहे ते दाखवते. मुठीवाले कमी झाले. बाक अजून हेच काढतात. बाक तयार झाला की लेक त्याच्यात एक लाकडी गोटा सोडते, पाइपच्या आतल्या रुंदीपेक्षा केसभर लहान असा तासून घेतलेला. गोटा दुसऱ्या तोंडातून बाहेर पडला की पाइप पास. हे शेजारी उभे असतात. ती त्यांना टाकून बोलत नाही, पाणी हवं का विचारते, पायात गोळे येतात म्हणून तेलही आणून देते. गोटा मात्र प्रत्येक वेळी सोडते. कामाची शिस्त म्हणून चांगलंच आहे, असं मी स्वतःला समजावलं होतं.

परवा दुपारी स्वयंपाक अर्धवट असताना गॅस संपला. हे आत आले, भरलेलं सिलिंडर ओढून आणलं, रेग्युलेटर बसवला, दाबून बघितला. "झालं," म्हणाले, "पेटव." मी काडी ओढणार, तेवढ्यात लेक दुकानातून आत आली.

"आई, थांब."

तिने भांडी घासायचा साबण वाटीत पाण्यात कालवला, फेस केला, खाली बसली आणि रेग्युलेटरभोवती बोटाने तो फेस लावत गेली. हळूहळू, सगळीकडून. मग गॅस गळून कुठे बुडबुडा फुगतो का, ते वाकून बघत राहिली. हे दारात उभे होते, फडक्याला हात पुसत. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही, मला बघवलंच नसतं. माझ्या हातातली काडी तशीच होती, आणि मीही तिच्या "पेटव" म्हणण्याची वाट बघत होते.

एकही बुडबुडा आला नाही. ह्यांनी नीटच बसवला होता.